पेटला तो वेगळा, मेला तो वेगळा : एका बीबीसी मायक्रोच्या दुरुस्तीच्या नोंदी

रविवार, १२ मे २०२४

आईने आज माळ्यावरचं खोकं उतरवायला लावलं. आत जुन्या चादरीत गुंडाळलेला बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा संगणक, मूळ १९८१ चा. ६५०२ प्रोसेसर, २ मेगाहर्ट्झ, ३२ केबी रॅम. आजच्या व्हॉट्सअॅपवरचा एक गुड मॉर्निंगचा फोटोही त्यात मावणार नाही.

आमच्याकडे ते आलं त्याचं कारण आईची नोकरी. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प काढला. पहिल्या वर्षी देशभरात २५० शाळा, आणि मशीन हेच. आईच्या शाळेला ते पुढच्या एका फेरीत मिळालं. विज्ञानाची बाई म्हणून प्रशिक्षणाला तिलाच पाठवलं. पुढे लॅबमध्ये पीसी आले तेव्हा हे भंगारात निघालं आणि तिने ते वजनावर विकत घेतलं. त्यानंतर थेट आज.

झाकणाला चार स्क्रू, प्रत्येकाशेजारी 'फिक्स' असं छापलेलं. एवढं सोपं उघडणारं मशीन आता कोणी बनवत नाही. आत धूळ, झुरळांची अंडी, एक आलपीन. ब्रश आणि ब्लोअर मारला. कीबोर्डच्या कळा काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या. बोर्डावर गंज नाही, आयसी (चिपा) सॉकेटमध्ये जरा दाबून बसवल्या. डावीकडचा पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा उघडला नाही. उद्या मतदानाची सुट्टी आहे, तेव्हा चालू करून बघू.

सोमवार, १३ मे

सकाळी मत देऊन आलो. जुन्या टीव्हीच्या एव्ही पिनला केबल जोडली (मशीनचा व्हिडिओ पाल पद्धतीचा, आपल्या टीव्हीचीही तीच, त्यामुळे काही भानगड नाही).

स्विच दाबला. आतून बारीक टिक... टिक... टिक, चार-पाच वेळा, प्रत्येक टिकेला कीबोर्डावरचे लाल दिवे पुसट लुकलुकले. मी बंद करणार तेवढ्यात आई मागून म्हणाली, "थांब रे, त्याला वेळ लागतो." आणि खरंच, एक बूऽऽ, त्यावर एक बीप, आणि पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', खाली मिचमिचणारा कर्सर. आईने खुर्ची ओढली. तीस वर्षांनी हात लावत असूनही पहिली ओळ न बघता टाइप केली.

दहा मिनिटं छान गेली. मग फट् असा आवाज, आणि डाव्या बाजूच्या झरोक्यांतून पांढराशुभ्र धूर. थोडाथोडका नाही, उदबत्तीचा पुडा एकदम पेटवावा तसा. वास जळक्या कागदाचा आणि प्लॅस्टिकचा मिळून. भिंतीवरचा स्विच बंद केला, खिडक्या उघडल्या, आईला बाहेर नेलं.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण तेव्हा डोळ्यांवर विश्वास बसला नाही. धूर निघत असताना मशीन चालूच होतं. कर्सर मिचमिचत होता. फ्यूजही उडाला नाही.

शनिवार, १८ मे

आज डबा उघडला. त्याआधीची तयारी, कारण हा स्विच मोड सप्लाय (एसएमपीएस) आहे: घरातली २३० व्होल्टची एसी थेट डायोडांतून जाते आणि मोठ्या कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठते. प्लग काढला तरी ती काही वेळ तिथेच बसून असते. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड वायरींना डाख देऊन तयार ठेवला आहे, तो दहा सेकंद टेकवायचा आणि मग मीटरने तपासायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडणारे वीर मी पाहिलेत. त्यांचे स्क्रूड्रायव्हरही पाहिलेत.

सप्लायमधून मदरबोर्डाकडे सात वायरी जातात: तीन लाल (+५ व्होल्ट), तीन काळ्या (शून्य), एक जांभळी (उणे ५). काढण्यापूर्वी फोटो काढले. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर बोर्डावरच्या आयसी एका क्षणात गेल्या.

गुन्हेगार शोधावा लागला नाही. मेन्सची (घरच्या विजेची) वायर जिथे बोर्डावर येते तिथेच कपॅसिटरचे दोन पारदर्शक पिवळसर चौकोनी ठोकळे, जुन्या डिंकाच्या वडीसारखे. मोठा, ०.१ मायक्रोफॅरडचा, बाजूने फुटून काळा पडलेला, पोटातून तपकिरी राळ ओघळलेली. धाकटा, ०.०१ चा, अजून शाबूत, पण टॉर्च तिरका धरला तर त्याच्या अंगभर केसाएवढ्या भेगा, भेगाळलेल्या टाचेसारख्या.

याच जातीचे कपॅसिटर त्या काळच्या कितीतरी मशीनांत आहेत आणि सगळ्यांचा शेवट असाच होतो. आत धातूचा मुलामा दिलेला कागद, बाहेर इपॉक्सी राळेचं कवच. इपॉक्सी म्हातारी झाली की तडकते, तड्यांतून हवेतली ओल आत जाते, कागद ती पितो. मग त्याच्यावर २३० व्होल्ट आले की ओला कागद तापतो, वाफ होते, फट्.

मशीन चालू का राहिलं, तेही इथेच उलगडतं. हे दोघे फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवे बसवलेले असतात. काम एकच: सप्लायची खरखर उलटी लाइनीत जाऊन शेजाऱ्याच्या रेडिओत घुसू नये. मशीनला स्वतःला त्यांची गरज नाही. ०.१ मायक्रोफॅरडमधून ५० हर्ट्झला जेमतेम ७ मिलिअँपियर वाहतो. तो फुटला काय, राहिला काय, ५ व्होल्टला पत्ता नाही.

दोन्ही काढले. बाकी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (आत द्राव असलेले, डबीसारखे) वरून पाहिले: टोप्या सपाट, कुठे फुगवटा नाही, खाली ओघळ नाही. पुढे गेलो.

शनिवार, २५ मे

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांच्या गल्लीत. तिसऱ्या दुकानात काम झालं, पण संभाषण नोंदवण्यासारखं.

दुकानातल्या काकांनी लगेच ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा कपॅसिटर काउंटरवर ठेवला.

"काका, हा डीसीचा आहे. मला एक्स-२ पाहिजे."

"अहो, सहाशे तीसचा आहे की. दोनशे तीसवर काय होतंय त्याला?"

"मेन्सवर आडवा लावायचाय."

"मग? टीव्हीवाले सगळे हाच नेतात."

नेत असतील. पण लाइनीवर वीज पडल्यावर किंवा शेजारची मोटार बंद होताना हजार-दोन हजार व्होल्टचे झटके येतात, आणि एक्स-२ वर्गाचा कपॅसिटर तेच झटके झेलायला तपासलेला असतो. आतल्या प्लॅस्टिक फिल्मला भोक पडलं तरी आजूबाजूचा धातूचा थर जळून भोक आपोआप वेगळं पडतं, शॉर्ट होत नाही. एका कपॅसिटरमुळे घर पेटायला नको.

काकांनी शेवटी मागच्या डब्यातून काढले, २७५ व्होल्ट एसी लिहिलेले, अंगावर एक्स-२ चा शिक्का. "आधी सांगायचं ना, एसएमपीएसचा पिवळा चौकोनी." म्हणजे नाव तेवढं वेगळं होतं. दोन्ही मापांचे दोन-दोन घेतले.

रविवार, २६ मे

बसवले. जुन्या ०.१ च्या दोन पायांतलं अंतर २० मिमी, नव्याचं १५. पाय बाहेर वाकवून घ्यावे लागले. वाकवताना पाय मुळाशी चिमट्याने धरायचा, नाहीतर फिल्मपाशी जोर जातो. नवे प्लॅस्टिक फिल्मचे आहेत, कागद नाही, म्हणजे ओल प्यायची सोय नाही. काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने साफ केली. जळालेला कार्बन बोर्डावर राहिला तर त्यातूनच करंट वाट काढतो, म्हणून हे नीट केलं.

चालू केलं. टिकटिक झाली, पूर्वीपेक्षा थोडी जास्त वेळ वाटली, मोजली नाही. मग बूऽऽ-बीप. तासभर चाललं, डबा हाताला कोमट, वास नाही. +५ ची वायर ५.०२ व्होल्ट.

झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले. काम संपलं असं इथे लिहिलं होतं, ते आता खोडतो.

रविवार, २३ जून

एका मित्राला कौतुकाने दाखवायला गेलो. बाहेर दिवसभर झिमझिम, घरात गारठा. स्विच दाबला. टिक... टिक... टिक... टिक. साधारण सेकंदाला एक. दिवे लुकलुक. एक मिनिट, दोन मिनिटं. बूऽऽ नाही, काही नाही. मित्र म्हणाला, "इंडिकेटर चांगला आहे."

टिकटिक म्हणजे सप्लाय उठायचा प्रयत्न करतोय आणि पडतोय, पुन्हा उठतोय. कारणं दोन प्रकारची. एक, मदरबोर्डावर कुठे शॉर्ट आहे आणि सप्लाय स्वतःला वाचवतोय. दोन, सप्लायमध्येच जोर नाही.

पहिला संशय अर्थात स्वतःच्या हातावर. माझे डाख परत तपासले, भिंगातून. ठीक.

सातही वायरी मदरबोर्डापासून सोडवल्या. इथे एक फसगत टाळायची: हे सप्लाय रिकाम्या पोटी नीट चालतातच असं नाही, लोड नसताना चांगला सप्लायही टिकटिक करू शकतो. म्हणून नकली लोड लागतो. गॅरेजवाल्याकडून गाडीच्या ब्रेकलाइटचा बल्ब आणला, १२ व्होल्ट २१ वॅट. ५ व्होल्टवर तो अंधूक पेटतो आणि साधारण १ अँपियर खातो. लाल आणि काळ्या वायरीत जोडला.

टिक... टिक... टिक. बल्बची तार प्रत्येक टिकेला किंचित तांबूस.

म्हणजे मदरबोर्ड निर्दोष. दुखणं डब्यातच.

रविवार, ३० जून

पालख्या आज पुण्यात. पेठेत जाऊन काही आणायचा प्रश्नच नाही, त्यामुळे घरात असलेल्या वस्तूंवर निदान. त्या सक्तीचा फायदा झाला. दुकान उघडं असतं तर मी सगळे कपॅसिटर सरसकट आणले असते आणि नेमकं काय झालं होतं ते कधीच कळलं नसतं.

सकाळी चहा पिताना ट्यूब पेटली. मे महिन्यात, भर उकाड्यात: चार-पाच टिका आणि चालू. जूनच्या गारठ्यात: चालूच नाही. उन्हाळ्यात चालतं आणि पावसात बसतं. असं वागणारी वस्तू या बोर्डावर एकच, वाळत आलेला इलेक्ट्रोलिटिक. त्याच्या आत कागदाला ओलं ठेवणारा द्राव असतो, तो वर्षानुवर्षं खालच्या रबरी बुचातून उडून जातो. उरलेला द्राव थंडीत आणखी नाठाळ होतो, तापला की जरा वाहता होतो. माठात पाणी आहे पण तोटी चोंदली आहे, असा प्रकार. या चोंदण्याला ईएसआर म्हणतात, ओहममध्ये मोजतात.

मग लेकीचा हेअर ड्रायर. (परवानगी घेतली. "बोर्डाचे केस वाळवणार का?") सप्लायचा प्लग काढलेला, मोठा कपॅसिटर रिकामा केलेला. बोर्डावर तीन मिनिटं गरम हवा, सगळ्या कपॅसिटरच्या टोप्या हाताला चटका न बसेल इतपत गरम. ड्रायर बाजूला, डब्याचं झाकण वर, मी दोन हात लांब, प्लग लावला.

टिक, टिक, आणि ब्रेकलाइट सरळ पेटला. ५.०१ व्होल्ट.

आता यांतला कोणता? बंद, प्लग बाहेर, रेझिस्टर टेकवून रिकामा, मीटरने खात्री. हे चार ओळींचं कर्मकांड आज बारा वेळा केलं, एकदाही वगळलं नाही. फ्रीजरमध्ये स्टीलचा चमचा ठेवला होता. तो कोरडा पुसायचा, एका कपॅसिटरच्या टोपीवर मिनिटभर दाबून धरायचा, बाजूला करायचा, बोर्ड कुठे ओला नाही ना बघायचं, मग प्लग. बाकीचे सगळे गरम, तो एकटा गार.

आउटपुटकडचा मोठा: चालू. त्याच्या शेजारचा: चालू. तिसरा: चालू. मध्ये ड्रायर पुन्हा. प्रायमरी (मेन्सकडच्या) बाजूला, हीट सिंकजवळ (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा पत्रा), करंगळीच्या पेराएवढा एक निळा, २२० मायक्रोफॅरड, १० व्होल्ट: टिक... टिक... टिक.

योगायोग नको म्हणून पुन्हा तापवलं: चालू. पुन्हा चमचा: टिकटिक. तिसऱ्यांदाही तेच.

दिसायला हा बोर्डावरचा सगळ्यात देखणा कपॅसिटर आहे. १८ मेच्या नोंदीत ज्यांच्या "टोप्या सपाट" म्हणून मी पुढे गेलो, त्यांत हा होता. इतक्या लहान डब्याला टोपीवर फुगायची खाचही नसते. फुगणार कुठून? तो नुसता वाळतो. आणि जागा बघा, हीट सिंकच्या शेकोटीला. शाळेत चालू होतं तोवर वर्षानुवर्षं शेकला. दर १० अंश जास्त उष्णतेला आयुष्य निम्मं, हा इलेक्ट्रोलिटिकचा ढोबळ हिशोब.

शनिवार, ६ जुलै

काढला. मागून जुनं टिन आधी नवं टिन घालून वितळवलं, मग पंपाने ओढून घेतलं. चाळीस वर्षांचा डाख नुसत्या आयर्नने पटकन सुटत नाही, आणि घाई केली तर तांब्याची पट्टी सोलून येते. शेवटचा थेंब वितळताना सुकटीसारखा वास आला. इलेक्ट्रोलिटिकच्या द्रावाचा हा वास एकदा नाकात बसला की कायमचा. पोट उलटं करून पाहिलं तर बुचाभोवती एक फिकट तपकिरी कडं. बोर्डावर असताना ते कधीच दिसलं नसतं.

टेस्टरवर लावला:

जुना: ४७ मायक्रोफॅरड, ईएसआर २३ ओहम.

नवा: २१६ मायक्रोफॅरड, ईएसआर ०.२ ओहम.

छापलेल्या आकड्याच्या पाव हिश्श्याहून कमी. आणि ईएसआर शंभरपटीहून जास्त. आकडे बघून काकांची आठवण झाली, तेच म्हणाले होते, "दिसतं कशाला बघता, मोजून बघा." ते ट्रान्झिस्टरबद्दल होतं, पण चालेल.

नवा २२० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा, १०५ अंश उष्णता सोसणारा. व्होल्ट जास्त चालतात, कमी चालत नाहीत. किंमत ८ रुपये. आकाराने जुन्याएवढाच, हल्ली डबे लहान झालेत. उण्याची पट्टी बोर्डावरच्या खुणेशी दोनदा जुळवली, कारण उलटा लावला तर पुढचा धूर माझ्या कर्तृत्वाचा. हीट सिंकपासून होईल तितका लांब कलवला, दोनेक मिमी.

बाकीचे इलेक्ट्रोलिटिक बदलावेत की नाही? सगळे बदला म्हणणारे खूप आहेत आणि त्यांचं पूर्ण चूक नाही. पण एकेक सोडवून मोजले. सगळे छापलेल्या आकड्याच्या १० टक्क्यांच्या आत, ईएसआर अर्ध्या ओहमच्या खाली. चांगला डाख उगाच उपसायचा तर पट्ट्या उखडायची जोखीम घ्यायची, तीही कशासाठी? परत बसवले. आकडे डब्याच्या आत चिठ्ठीवर लिहून चिकटवलेत, पुढच्या वेळी तुलनेला.

रविवार, ७ जुलै

सकाळी मुद्दाम खिडकी उघडी ठेवून, पंखा लावून, बोर्ड गार पडू दिला. बाहेर पाऊस.

ब्रेकलाइट बल्बावर: स्विच दाबताच पेटला. एकही टिक नाही. दहा वेळा बंद-चालू, मध्ये मिनिटभर थांबून. दहाही वेळा एका दमात.

मग मदरबोर्ड. फोटो समोर ठेवून सात वायरी. बूऽऽ-बीप. ५.०४ व्होल्ट, दोन तासांनी ५.०३. जांभळी वायर उणे ४.९८. डबा कोमट.

रविवार, १४ जुलै

आईला बोलावलं. स्विच तिच्या हाताने. बोट उचलायच्या आत बीप झाली तेव्हा ती दचकलीच.

"एवढ्या लवकर?"

"अगं, आता असंच लागणार."

"नाही रे, शाळेत कधी असं लागायचं नाही. आमचा शिपाई प्रार्थनेच्या घंटेलाच लॅब उघडून स्विच टाकून ठेवायचा. पहिला तास संपेपर्यंत ते टिकटिक करून लागलेलं असायचं. हिवाळ्यात तर तो वर गोधडी टाकायचा."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"कुणाला सांगणार? आम्हाला वाटलं कॉम्प्युटर असेच लागतात."

'एस'ची कळ एकदा दाबली की दोनदा उमटते. पुढच्या रविवारी ती.